पोरांना विचारायचं तर नीट विचारा: आरोग्याच्या निर्णयांत किशोरवयीनांचा सहभाग म्हणजे काय?

दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास गावोगावी ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करायची गडबड सुरू होते. आराखड्यासाठी केंद्राने जे नऊ विषय ठरवून दिले आहेत, त्यांत 'आरोग्यदायी गाव' आणि 'बालस्नेही गाव' असे दोन विषय आहेत. ग्रामसभेआधी महिलासभा आणि बालसभा घ्यावी अशीही अपेक्षा असते. मग जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी गावांत शाळेच्या पटांगणात मुलं बसवली जातात, फोटो निघतो आणि इतिवृत्तात एक ओळ पडते: 'किशोरवयीन मुलामुलींशी आरोग्याबाबत चर्चा करण्यात आली.'

ही ओळ वाचून लोकांना दोन प्रश्न पडतात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आरोग्याच्या कारभारातलं काय कळतं? आणि समजा विचारलं, तरी पुढे काय बदलतं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं मत आधीच सांगते: मुलांना विचारलंच पाहिजे, पण विचारण्याबरोबर मोठ्यांवर एक जबाबदारी येते. ती घ्यायची तयारी नसेल तर ती सभा न घेतलेली बरी.

धोरण मुंबईत ठरतं, मग गावातल्या मुलाचा संबंध काय?

एका रोग्याला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. हजारो माणसं आजारीच पडू नयेत म्हणून पैसा, माणसं आणि वेळ कुठे लावायचा, हे जे ठरतं त्याला सार्वजनिक आरोग्य धोरण म्हणतात. त्यातलं काही दिल्लीत ठरतं, काही मुंबईत, काही जिल्हा परिषदेत. पण बरंचसं गावातही ठरतं. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता पाहणारी समिती असते आणि तिच्या हातात थोडाफार निधीही असतो. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पिण्याच्या टाकीत वेळेवर क्लोरीन पडतं का, आरोग्य तपासणीचा दिवस कोणता, हे सगळं मुंबईहून कुणी बघायला येत नाही.

किशोरवयीन मुलांसाठी तर वेगळा कार्यक्रमच आहे. 7 जानेवारी 2014 रोजी केंद्राने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. वय 10 ते 19. विषय सहा: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मधुमेह-रक्तदाबासारखे असंसर्गजन्य आजार, व्यसन, इजा व हिंसा आणि मानसिक आरोग्य. यात गावातल्याच दोन मुली आणि दोन मुलगे निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचं असतं. त्यांना 'साथिया' म्हणतात. म्हणजे कागदावर मुलं केव्हाच या व्यवस्थेत आली आहेत. अडचण अशी की साथियांकडून वरचा निरोप खाली पोचवून घेतला जातो. खालची गोष्ट वर नेण्याचं काम त्यांना क्वचितच मिळतं.

निळ्या गोळीचं पुढे काय होतं?

मुलांना का विचारायचं, हे कळायला शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी पुरेशी आहे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी असणं, थांबवायला ती दिली जाते. गरज मोठी आहे. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी 31.1 टक्के रक्तक्षयी आढळले.

गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, शाळेपर्यंत पोचतेही. मग अडतं कुठे? ती उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, पोटात कळ येते. शौचाला काळी होते. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर पोरगी घाबरतेच. वर्गातल्या एकीला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग गोळी तोंडात धरतो आणि सर वळले की खिडकीतून फेकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुली पहाटेच शेतात जातात, त्या गोळीच्या दिवशी शाळेत नसतात. रजिस्टरमध्ये मात्र खाडाखोड नसते. तालुक्याच्या आढावा बैठकीत टक्केवारी छान दिसते आणि रक्त काही वाढत नाही.

ही सगळी माहिती फक्त बाकावर बसलेल्या मुलीकडे असते. तिला विश्वासात घेऊन विचारलं तर उपायही तीच सांगते: गोळी खिचडीनंतर द्या, त्या दिवशी खिचडी वेळेवर करा, काळ्या शौचाचं आधी सांगा, शेतात जाणाऱ्या मुलींची गोळी आशाताईंकडे ठेवा. ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांना ही गोळी द्यायची नसते. अशी मुलं कोण, हे वर्गासमोर न विचारता कसं जपायचं, हेही मैत्रिणींना सुचतं.

दवाखान्याचंही असंच. किशोरवयीनांसाठी ग्रामीण रुग्णालयांत 'मैत्री' नावाचं क्लिनिक असतं. कल्पना चांगली आहे. पण ते शाळेच्याच वेळेत उघडं असेल, दाराबाहेरच्या बाकावर शेजारची काकू बसलेली असेल आणि गावाकडे जाणारी एसटी दुपारी निघून जात असेल, तर सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची मुलगी तिथे पाय ठेवणार नाही. हे तिला विचारल्याशिवाय कसं कळणार?

बोलावणं आणि सामील करून घेणं

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 सांगतं की आपलं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला, त्याच्याशी संबंधित गोष्टीत ते मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला हवं. भारताने हा करार डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारला. मूल म्हणेल ते झालंच पाहिजे, असं यात कुठेही नाही. मत ऐकून त्याचा खरोखर विचार करणं बंधनकारक आहे.

1992 मध्येच रॉजर हार्ट या अभ्यासकाने युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही: मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. आपल्याकडची तंबाखूविरोधी दिनाची फेरी आठवा. मुलांच्या हातात फलक, घोषणा गुरुजींनी लिहिलेल्या, आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी असूनही फेरी त्याच टपरीवरून पुढे जाते. त्या मुलांना 'पुड्या कुठे मिळतात?' असं विचारलं असतं तर दोन मिनिटांत नकाशा तयार झाला असता. हे मला फार लागतं, कारण ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच आपण घोषणा पाठ करायला लावतो.

वेळेचंही तसंच. आराखडा मंजूर करून मग मुलांना 'तुम्हाला काय वाटतं?' विचारणं म्हणजे केळीचा घड कापणीला आल्यावर ठिबकच्या नळ्या कुठून टाकू म्हणून विचारणं. रावेर-यावलचा कुणीही शेतकरी सांगेल की नळ्यांचं लागवडीआधीच ठरतं.

लॉरा लुंडी या उत्तर आयर्लंडमधल्या बालहक्कांच्या प्राध्यापिकेने 2007 मध्ये याची सोपी परीक्षा दिली. बोलायला निर्धास्त जागा आहे का? बोलायला मदत मिळते का? ज्याच्या हातात निर्णय आहे तो माणूस समोर बसून ऐकतोय का? आणि ऐकल्यावर काही हललं का? आपल्याकडे बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावरच गाडी अडते. मुलं बोलतात शिक्षकांसमोर, आणि निर्णय असतो वैद्यकीय अधिकारी, सरपंच किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे.

कुणाला बोलावलं, यावरच बरंच ठरतं

सभेला मुलं पाठवा म्हटलं की मुख्याध्यापक वर्गातली हुशार, धीट, नीटनेटकी मुलं निवडतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण आरोग्याचा भार सगळ्यात जास्त ज्यांच्यावर पडतो ती मुलं या यादीत नसतात. आई-वडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, सोळाव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेली, शाळा सोडून ढाब्यावर काम करणारी, चालता न येणारी, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारी. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्न झालेली सतरा वर्षांची मुलगी ना बालसभेत बसते, ना महिलासभेत बोलते. तिला शोधून तिच्या घरी जावं लागतं, आणि तेही सासूशी आधी नीट बोलून.

भाषेचा अडसर आपल्या भागात फार मोठा आहे. साक्री-पारोळ्याकडच्या मुलाला घरी अहिराणीची सवय, सातपुड्यातल्या मुलांना पावरी, भिली, नवापूरकडे मावची. सभा मात्र पुस्तकी मराठीत चालते, त्यात 'मासिक पाळी व्यवस्थापन' असले शब्द. मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, 'याला काही सांगायचंच नाही.' त्याच मुलीला तिच्या ओळखीच्या ताईने शेजारी बसून 'तुले काय व्हई ऱ्हायनं?' (तुला काय होतंय?) असं विचारलं की ती तासभर बोलते. म्हणून सभेत त्या त्या बोलीचं माणूस हवं, मुली आणि मुलगे आधी वेगवेगळे बसवायला हवेत, आणि लिहिता न येणाऱ्याला चित्र काढून सांगता यायला हवं.

स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी तारीखही महत्त्वाची. दिवाळी झाली की कितीतरी पाडे रिकामे होतात, माणसं परततात ती होळीच्या आसपास. हिवाळ्यात सभा घेऊन 'उपस्थिती कमी' लिहिण्याला अर्थ नाही.

आणि पैसा. सभेला येणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याचा प्रवासभत्ता निघतो. त्याच सभेला वेचणीची मजुरी बुडवून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला चहा-बिस्कीट मिळतं. एसटीचं भाडं, जेवण आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई हा या कामाचा खर्च आहे. तो आधीच धरायला हवा. मात्र ही रक्कम अशी भरमसाट नको की घरचे पोराला पैशासाठी रेटून पाठवतील.

सुरक्षित म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं थांबायला हवं, कारण चांगल्या मनाची माणसं सगळ्यात जास्त नुकसान इथेच करून बसतात.

सिकलसेलचं उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. आजार आई-वडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल 'वाहक' होतं. त्याला सहसा त्रास होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक. 1 जुलै 2023 रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य आहे. तपासणी झाली की कार्ड मिळतं, आणि लग्नाआधी दोघांनी आपली कार्डं पडताळून बघावीत असा सल्ला दिला जातो.

या अभियानात तरुणांना विचारणं अगदी गरजेचं आहे, कारण लग्नं त्यांचीच व्हायची आहेत. पण भरसभेत कुणी कळवळ्याने विचारलं, 'तुमच्यापैकी सिकलसेल कोणाला आहे? हात वर करा,' आणि एका मुलीने हात वर केला, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. ती फक्त वाहक असली तरी 'रोगी' ठरते. तिच्या लग्नाची बोलणी थांबतात, धाकट्या बहिणीचीही. सभेतल्या लोकांनी तिला दुखवायचं ठरवलं नव्हतं. प्रश्नच चुकीचा होता.

मग कसं विचारायचं? स्वतःबद्दल सांगायलाच लावायचं नाही. 'समजा तुमच्यासारख्या एका मुलीला असं कार्ड मिळालं, तर तिला गावात काय काय सोसावं लागेल? कार्ड कोणी आणि कुठे द्यावं?' अशा प्रश्नांतून धोरणाला लागणारं सगळं मिळतं आणि कुणाचं नाव बाहेर पडत नाही. फोटो, व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचे नाहीत. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची खात्रीशीर संमती लागते, असं म्हटलं आहे.

पालकांची संमती पुरेशी मात्र नाही. वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नीतितत्त्वं आहेत. त्यांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, आणि बारा वर्षांपुढे तो लेखी हवा. गावातली सभा म्हणजे काही संशोधन नव्हे, पण ही शिस्त तिथेही लावायला काय हरकत आहे? आई-वडील हो म्हणाले आणि पोरगी नको म्हणाली, तर नको. मधेच उठून जायची मुभा, आणि उठली म्हणून कुणी 'का गं?' विचारायचं नाही.

एक गोष्ट बोलणं सुरू होण्याआधीच सांगावी लागते. 'तू सांगशील ते आमच्यातच राहील' असं वचन मुलाला देता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी वचन द्यायचं आणि मग तक्रार करायची, याहून मोठा विश्वासघात मुलासाठी दुसरा नाही. म्हणून सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगायचं: कोणत्या गोष्टी गुप्त राहतील, कोणती गोष्ट कळवावीच लागेल आणि कुणाला. बोलता बोलता एखादं मूल कोसळलंच तर त्याला घेऊन बाजूला बसणारी एक व्यक्ती आधीच ठरलेली हवी. मुलांसाठीची 1098 आणि मानसिक आधारासाठीची टेलिमानस 14416 या मदतवाहिन्यांचे आकडे फळ्यावर लिहिलेले हवेत. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल असं कधीच नको. आणि सभा संपायची वेळ शेवटच्या गाडीवरून ठरवायची. धडगावच्या घाटात अंधार पडल्यावर मुलींना जीपची वाट बघत उभं ठेवणारा कार्यक्रम सुरक्षित नव्हे.

पैसे कुठून आले, हेही तपासावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम 5.3 सांगतं की तंबाखूविषयक धोरणं त्या उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवा. भारताने या करारावर 2004 मध्ये शिक्कामोर्तब केलं. युवकांच्या आरोग्य मेळाव्याचा खर्च अशा धंद्यातला कुणी उचलणार असेल, तर मांडव लहान घाला, पण तो पैसा नको.

'पोरं काहीही मागतील'

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. मागतील. मैदान मागतील, शाळेत जलद इंटरनेट मागतील, गोड खाऊ मागतील. पण मोठ्यांच्या ग्रामसभेतही सभामंडपापासून कमानीपर्यंत सगळं मागितलं जातं, म्हणून आपण ग्रामसभा बंद करत नाही. निधी किती, नियम काय, हे मुलांना आधी आकड्यांत सांगितलं की ती हिशेबाने बोलतात.

'हे डॉक्टरांचं काम आहे'

औषध कोणतं, मात्रा किती, हे डॉक्टरांचंच काम. ते मुलांना विचारू नये. पण औषध पोचतंय का, दवाखान्यात नर्सबाई कशा बोलतात, सांगायला लाज कशाची वाटते, हे डॉक्टरांनाही ऐकूनच कळतं. खान्देशाला हे नवं नाही. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावातल्या लोकांनी आपापल्या आरोग्यसेवेला गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून काय मिळत नाही ते सांगितलं. त्यांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. अनुभव सांगायला शिक्षण लागलं नाही, तर अठरा वर्षं पूर्ण असण्याची अट कशाला?

मतदानाचा प्रश्न वेगळा. ग्रामसभेत ठराव मतदारच करतात, तो अधिकार मुलांना नाही आणि मिळावा असं माझंही म्हणणं नाही. त्यामुळे निर्णय चुकला तर दोष मुलांवर ढकलता येणार नाही. 'पोरांनीच सांगितलं होतं' ही पळवाट मोठ्यांनी स्वतःच बंद करावी.

'आमच्या पोरीला नको त्या विषयात ओढू नका'

ही काळजी खरी आहे, तिला मागासलेपणा म्हणून उडवून लावू नये. आई-बापांना आधी बोलवा, काय विचारणार ते त्यांना दाखवा, गावच्या आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घ्या. सुरुवात पाणी, स्वच्छतागृह, गोळी अशा विषयांपासून करा. विश्वास बसला की पाळी, ताणतणाव, व्यसन हे विषय मुलीच काढतात.

उत्तर कोण देणार?

सभा झाली, मुलं बोलली, कागद भरला. त्यानंतर जे घडतं किंवा घडत नाही, त्यावर पुढच्या वर्षी मुलं तोंड उघडतील की नाही ते ठरतं. म्हणून बालसभेत जे जे मागितलं गेलं त्याची यादी भिंतीवर लावावी आणि प्रत्येक मागणीपुढे उत्तर लिहावं: मान्य, या तारखेपर्यंत, किंवा नाही, या कारणाने. 'नाही' चालतं. मुलांना नकार पचतो, दुर्लक्ष पचत नाही. आणि हे उत्तर वाचून दाखवायला शिक्षकांना पुढे करू नये. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी, म्हणजे सरपंचांनी किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, स्वतः मुलांसमोर यावं.

तुमच्या गावात यंदा बालसभा झाली असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन तिचं इतिवृत्त मागा. मुलांनी काय काय मागितलं ते त्यात लिहिलंय का, की नुसती 'चर्चा करण्यात आली' एवढीच ओळ आहे, ते पाहा. ओळच असेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'बालसभेच्या मागण्या आणि त्यांवरील उत्तर' हा विषय घ्यावा, असा अर्ज आजच देता येतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.